मोडीत देण्याआधी: घरातली जुनी चांदीची पाण्याची भांडी कशी तपासावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाईच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या आणि तुमच्याकडे चांदीची म्हणून पाच भांडी आली: एक तांब्या, दोन फुलपात्रं, एक दांडीचा विलायती पेला आणि एक बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं नळीचं भांडं. साताऱ्यात सराफाला दाखवली, त्याने कसोटीच्या दगडावर घासून ‘यात हीण आहे’, म्हणजे हलका धातू मिसळलाय, असं सांगितलं आणि मोडीचा भाव काढून दिला. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, भांडी पेशवाईतली आहेत. पेल्याखाली सिंह, जहाजाचा नांगर, एक इंग्रजी अक्षर आणि बाईचं डोकं असे शिक्के आहेत. खरं कुणाचं मानायचं आणि बोंडलं घरातल्या बाळासाठी वापरायचं का, असं तुम्ही विचारलंय.

सराफाचं म्हणणं बहुधा बरोबरच असेल. पण त्याने उत्तर दिलंय ते ‘यात चांदी किती’ या प्रश्नाचं. भांडं किती जुनं, कुठे आणि कसं घडलं, मोडण्यात तोटा आहे का, यातलं काहीच कसोटीच्या दगडावरून कळत नाही. शुद्धता आणि जुनेपणा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. गेल्या वर्षी दुकानातून घेतलेलं फुलपात्र ९९ टंचाचं, म्हणजे शंभरात ९९ भाग चांदीचं, असू शकतं आणि शंभर वर्षांचं ९० चं.

जुन्या भांड्यात हीण असायचं एक साधं कारण आहे. घरात साठलेले चांदीचे रुपये सोनाराकडे द्यायचे आणि त्यांचंच भांडं घडवून घ्यायचं, ही सर्रास पद्धत होती. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. म्हणजे ९१.७ टक्के चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. हे रुपये आटवून केलेल्या भांड्याचा टंच ९१ च्या आसपासच येणार. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली, त्यामुळे त्या नाण्यांचं भांडं असेल तर टंच एकदम खाली येतो आणि झिजलेल्या जागी रंगही तांबूस-पिवळट दिसतो. शिवाय निव्वळ शुद्ध चांदी मऊ असते. रोजच्या वापराच्या तांब्याला पोचे पडू नयेत म्हणून थोडं तांबं मुद्दामही घालत. तेव्हा ‘हीण आहे’ एवढं ऐकून घाबरू नका. किती आहे ते विचारा. ९१-९२ असेल तर ती जुन्या भांड्याच्या बाजूचीच साक्ष आहे.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही तपासण्या वस्तूवर कायमची खूण ठेवतात. आधी डोळे, मग वजन, मग पाणी, मग यंत्र आणि अगदी शेवटी दगड आणि आम्ल. सुलाख, म्हणजे आतला धातू बघायला पाडलेलं भोक, तर मारूच देऊ नका. आणि सगळ्यात आधी: भांडी घासू नका. आत्ता आहेत तशीच काळी राहू द्या. त्या काळेपणातच निम्मी माहिती असते.

भांडं उजेडात तिरपं धरून आतून बघा. हाताने ठोकून चढवलेल्या भांड्यात हातोडीचे वळ राहतात. बाहेरून घासून-रेतून ते घालवलेले असले तरी आतून, विशेषतः तांब्याच्या मानेखाली, जिथे कानस पोचत नाही तिथे ते बोटाला लागतात. तळाच्या मधोमध कंपासच्या टोकाने मारलेला एक बारीक ठिपका शोधा. पत्रा वर्तुळाकार आखून चढवताना कारागीर तिथून मापं घेतो. काठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून फिरवा. हातच्या कामात काठ अंगापेक्षा जाड असतो, कारण तो मुद्दाम ठोकून जाड केलेला असतो, आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. लेथवर साच्याला दाबून काढलेल्या आजच्या भांड्यात पत्रा एकसारखा पातळ असतो, वळणावर आणखी पातळ होतो आणि काठाला मजबुती यावी म्हणून तो बाहेर दुमडून गोल वळवलेला असतो. आतल्या बाजूला बारीक समकेंद्री रेषा दिसतात. पण बाहेरच्या रेषांवरून निष्कर्ष काढू नका. ठोकून केलेलं भांडंही शेवटी फिरवून साफ करत, त्याच्याही रेषा राहतात. विलायतेत तर लेथवर दाबून भांडी काढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातच रुळली होती, तेव्हा पेल्यात अशा रेषा दिसल्या म्हणून तो नवा ठरत नाही.

तांब्या सहसा एका पत्र्यात होत नाही. खालचा गोल भाग आणि मान-काठ वेगळे घडवून जोडलेले असतात. जोड कुठे आहे हे बघायला त्यावर तोंडाची वाफ सोडा. वाफ बसते आणि उडते त्या क्षण-दोन क्षणांत डाकाची, म्हणजे जोडायला वितळवून भरलेल्या धातूची, रेषा चांदीपेक्षा वेगळ्या, किंचित पिवळसर रंगाची दिसते. पैसे न लागणारी इतकी उपयोगी दुसरी तपासणी नाही. बसवलेलं ठिगळ, बदललेला तळ, घासून काढलेलं नाव, सगळं वाफेत उघडं पडतं. जुन्या चांदीच्या डाकाची रेषा अरुंद आणि कडक असते. करड्या रंगाचा, फुगीर, नखाने किंवा सुईने सहज ओरखडा उठणारा डाक दिसला तर तो शिशाचा. तो कुणीतरी नंतर स्वस्तात केलेल्या दुरुस्तीचा असतो. बोंडल्याच्या बाबतीत हाच मुद्दा निर्णायक आहे, त्याकडे शेवटी येतो.

झीज कुठे आहे ते बघा. खऱ्या वापराची झीज हाताच्या आणि जमिनीच्या जागी असते: तळाच्या कड्याला, काठाला, तांब्याच्या गळ्यात जिथे चार बोटं जातात तिथे. तळाचे ओरखडे सगळ्या दिशांचे, एकावर एक असतात. नवं भांडं जुनं दाखवायला गंधकाच्या द्रावणात काळं करतात. मग काळेपणा सगळीकडे सारखा बसतो, अगदी ताज्या ओरखड्याच्या आतसुद्धा. नक्षीच्या कडा मात्र बोटाला टोचतात. पन्नास-साठ वर्षं रोज राखेने घासलेल्या भांड्यावरचं फूल बोटाला मऊ लागतं.

नक्षी असेल तर एकाच प्रकारची दोन फुलं शेजारी शेजारी धरून बघा. राळेवर बसवून हाताने उठवलेल्या नक्षीत दोन पाकळ्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. ठशाने दाबलेल्या नक्षीत प्रत्येक फूल सारखं असतं, एखादी चूक असेल तर तीही दर फुलात येते. तुमच्या तांब्याला नक्षीच नाही, नुसत्या गळ्याशी दोन रेषा आणि तळाला कमळाच्या पाकळ्या आहेत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडच्या घरगुती चांदीचा तोच स्वभाव आहे. अंगभर वेलबुट्टी असलेलं काम कच्छचं, देवांच्या मूर्ती उठवलेलं मद्रासचं, चिनाराची पानं काश्मीरची. पुण्यातही पुराणातले प्रसंग उठवलेलं काम होत असे, पण ते मुख्यतः साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यासाठी. स्वयंपाकघरातला आणि देवघरातला तांब्या साधाच असायचा, त्याचं सौंदर्य घाटात. पोट, खांदा आणि मान यांचं प्रमाण साधलेला साधा तांब्या घडवणं हे नक्षी भरण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण चूक लपवायला जागा नसते.

पण याच घाटामुळे एक अडचणही होते. तांब्याचा आणि फुलपात्राचा घाट पिढ्यान् पिढ्या फारसा बदललेला नाही. तेव्हा नुसता आकार बघून ‘पेशवाईतला’ म्हणता येत नाही, कुणी म्हणत असेल तर त्याला कशावरून ते विचारा. आकार नीट बघायचे असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती भांड्यांचे भरपूर नमुने आहेत, एक दुपार तिथे घालवा.

घरगुती भांड्याचा काळ सांगणारी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे त्याच्यावर घातलेलं नाव. तुमच्या तांब्याच्या तळाला ‘काहीतरी टोचलेलं’ आहे असं तुम्ही लिहिलंय. ते छिन्नीने ठिपके मारून घातलेलं नाव असणार. काळं असतानाच त्याचा फोटो काढा: मोबाईल सरळ वर धरा, उजेड मात्र एका बाजूने, टेबलाच्या पातळीवरून येऊ द्या. ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं उठून दिसतात. अक्षरं एकमेकांना जोडलेली, डोक्यावर सलग रेघ असलेली आणि वाचता न येणारी असली तर ती मोडी लिपी असू शकते. शाळा आणि कचेऱ्यांतून मोडी साधारण १९५० च्या सुमारास गेली, त्यामुळे मोडीतलं नाव शक्यतो त्याआधीचं. नावाबरोबर शक घातलेला असेल तर तो समजायला सोपा: त्यात ७८ मिळवा. शके १८२९ म्हणजे १९०७-०८. संवत असेल तर ५७ वजा करा. लग्नात दिलेल्या भांड्यावर मुलीचं सासरचं नाव असतं, माहेरच्यांनी दिलं असेल तर कधी त्यांचंही. एकाच तळावर दोन पिढ्यांची नावं असतील तर ठिपक्यांची झीज बघा, जास्त गुळगुळीत ते आधीचं. आणि लक्षात ठेवा, नाव घातल्याची तारीख ही भांडं घडल्याची तारीख असेलच असं नाही. भांडं त्याहून जुनं असू शकतं.

नावाशेजारी कधी वजनही कोरलेलं सापडतं, ‘तोळे ४०’ असं. हे मिळालं तर सोन्याहून पिवळं. ४० तोळे म्हणजे ४६६.५ ग्रॅम. आज तांब्या ४५५-४६० भरला तर घासून झिजला, ठीक आहे. ३९० भरला तर काहीतरी काढलंय. ५०० भरला तर तळ बदलला किंवा जाड ठिगळ बसवलंय, तेव्हा वाफ सोडून जोड पुन्हा तपासा. विलायती पेल्याखालीही असं खरडलेलं वजन असतं, पण ते ट्रॉय औंसात. ‘७=१०’ अशी खूण म्हणजे ७ औंस १० पेनीवेट. औंस ३१.१ ग्रॅमचा, पेनीवेट १.५५५ ग्रॅमचा, म्हणजे ते २३३ ग्रॅम झाले.

आता पाण्याची तपासणी. ती मुख्यतः तुमच्या त्या दोन फुलपात्रांसाठी, कारण एकाचा काठ पिवळट दिसतोय असं तुम्ही म्हणता. शंका अशी, की ते पितळेवर किंवा जर्मन सिल्व्हरवर मुलामा दिलेलं असावं. जर्मन सिल्व्हरमध्ये नावाला चांदी नाही. ते तांबं, निकेल आणि जस्त. लोहचुंबक लावून हे कळत नाही, कारण चांदीला चुंबक चिकटत नाही तसं पितळेला आणि जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही. बर्फाचा खडा ठेवून तो किती लवकर वितळतो हे बघायची युक्तीही निरुपयोगी, तांबं या धातूवरही तो जवळपास तितक्याच झटपट वितळतो. वाजवून बघणं तर सोडूनच द्या.

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, तो आता सहज मिळतो. फुलपात्र कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं प्लास्टिकचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. फुलपात्राला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं हातात धरून ठेवा. आता काटा जे ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या धातूचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा एक फुलपात्र १२२ ग्रॅम भरलं आणि पाण्यात ११.८ आलं, तर घनता १०.३. ही चांदी. दुसरं ११८ भरलं आणि १३.९ आलं, तर ८.५. हे पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, वर कितीही चकाकत असलं तरी. शुद्ध चांदी १०.४९, रुपयाची चांदी १०.३४, आठ आणे चांदी आणि आठ आणे तांबं असेल तर ९.६७.

यात चुकतं ते बुडबुड्यांमुळे. आतल्या काठाशी हवेचे बुडबुडे अडकले की आकारमान जास्त दिसतं आणि चांगली चांदी हलकी ठरते. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि फुलपात्र बुडवून, तिरपं करून हवा जाऊ द्या. तांब्याच्या बाबतीत तर हे दोन-तीनदा करावं लागतं. आणि यातून शुद्धतेचा आकडा काढत बसू नका. ८० आणि ९२ टक्क्यांच्या घनतेत फरक इतका थोडा आहे, १०.१४ आणि १०.३५, की घरच्या काट्याची चूकच तेवढी असते. चांदी आहे की नाही, एवढंच विचारा. विलायती पेला पाण्यात घालू नका. त्याची दांडी बहुतेक पोकळ असते आणि तिला खालच्या बाजूला सुईएवढं भोक असतं. डाक देताना आतली तापलेली हवा निघून जावी म्हणून ते ठेवलेलं असतं. त्यातून पाणी आत जातं, आकडा चुकतो आणि ते पाणी पुढे कितीतरी दिवस आतच राहतं.

नेमका टंच हवाच असेल तर सांगली-कोल्हापूर भागात यंत्रावर टंच काढून देणारी केंद्रं आहेत. क्ष-किरणांच्या या यंत्राने वस्तूला काही होत नाही. पण त्याची मर्यादा समजून घ्या: ते वरच्या अगदी पातळ थराचंच वाचतं. मुलामा जाड असेल तर ते मुलाम्यालाच चांदी म्हणेल. दुसरं, जुनी भांडी उजळताना आम्लात उकळली जातात, त्यात वरच्या थरातलं तांबं विरघळून जातं आणि उरलेला थर आतल्या धातूपेक्षा शुद्ध होतो. म्हणून यंत्राचा आकडा थोडा चढाच येतो. काठाची झिजलेली जागा, तळाचं कडं आणि अंगावर एक, अशा किमान तीन ठिकाणी लावायला सांगा. डाकाच्या रेषेवर लावला तर आकडा खाली येणारच, तो धरू नका. विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभर चांदी-सोनं गाळतात, त्यांचा हिशेब पक्का असतो. पण त्यांची रीत नमुना वितळवून बघायची. मोडीसाठी ती उत्तम, तुमच्या भांड्यांसाठी नको. सराफाने दगडावर घासलंच आहे, आता परत घासू देऊ नका. पुढे कधी घासायची वेळ आली तर तळाच्या कड्याच्या आतल्या बाजूला, नावापासून लांब.

कुणी ‘हॉलमार्क नाही म्हणजे खोटी’ असं सांगितलं तर ऐकून सोडून द्या. भारतीय मानक ब्युरोची चांदीची हॉलमार्किंग योजना २००५ ची, ती ऐच्छिक आहे, आणि इंग्रजी अमलातही आपल्याकडे विलायतेसारखी सक्तीची तपासणी नव्हती. जुन्या देशी भांड्यावर फार तर कारागिराचा किंवा दुकानाचा ठसा मिळतो. भुजच्या उमरशी मावजी यांचा ‘ओ. एम.’ असा ठसा असतो, कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीच्या ठशांत हत्ती दिसतो, मद्रासच्या पी. ऑर यांचं नाव असतं. असे ठसे सापडले तर वस्तू मोडीचा विचारही न करता बाजूला ठेवा. आपल्या भागातल्या घरगुती भांड्यांवर मात्र बहुधा काहीच नसतं.

विलायती पेल्याचं तसं नाही. तिथले शिक्के हीच त्याची जन्मपत्रिका. तुम्ही सांगितलेले चार शिक्के खरे असतील तर वाचन असं: उजवा पाय उचलून चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, ९२.५ टक्के. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचं तपासणी कार्यालय, ते १७७३ मध्ये सुरू झालं. (लंडनचं चिन्ह बिबट्याचं तोंड, शेफिल्डचं त्या काळी मुकुट. नांगर बघून जहाजाची किंवा आरमाराची वस्तू समजू नका.) डोकं हे कर भरल्याची खूण, ती १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारली जायची. डोकं बाईचं आणि डावीकडे तोंड केलेलं असेल तर ती व्हिक्टोरिया, म्हणजे पेला १८३७ नंतरचा आणि १८९० किंवा त्याआधीचा. पेशवाई संपली १८१८ ला, तेव्हा या एका वस्तूपुरता तरी घरातला वाद मिटला. इंग्रजी अक्षर म्हणजे वर्ष. नुसतं अक्षर ‘के’ आहे एवढं पुरत नाही. ते मोठं की लहान लिपीतलं, साधं की गॉथिक वळणाचं आणि भोवतीच्या ढालीचा आकार कसा, हे तिन्ही जुळवावं लागतं, कारण पंचवीस-सव्वीस वर्षांनी अक्षरं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. तक्ता बर्मिंगहॅमचाच बघा. लंडनची मालिका वीस अक्षरांची आहे, तिच्याशी जुळवलंत तर वर्ष चुकेल. तुमच्या फोटोत अक्षर पुसट आहे, म्हणून मी वर्ष सांगत नाही. पाचवा ठसा दोन आद्याक्षरांचा असेल, तो कारागिराचा.

फसवणूक कुठे होते तेही बघून घ्या. चांदीचा विद्युत मुलामा दिलेल्या वस्तूंचा धंदा १८४० नंतर बर्मिंगहॅममध्येच वाढला. त्या वस्तूंवर ‘ई’, ‘पी’, ‘एन’, ‘एस’ ही चार अक्षरं वेगवेगळ्या ढालींत मारतात आणि लांबून ते चार शिक्के हुबेहूब खऱ्यांसारखे वाटतात. ‘ए १’ असं असलं तरी तेच, तो मुलाम्याचा दर्जा. भिंग घेऊन नीट बघा, सिंह खरंच सिंह आहे ना. दुसरी फसवणूक जास्त हुशारीची: खऱ्या शिक्क्यांचा तुकडा एखाद्या मोडक्या चमच्यातून कापून मोठ्या भांड्याच्या तळाला बसवायचा. शिक्क्यांभोवती वाफ सोडा. गोल किंवा चौकोनी डाकाची रेषा उमटली तर विश्वास ठेवू नका. शिक्के थोडे ताणलेले, वाकडे असणं मात्र चांगलं लक्षण आहे, कारण शिक्का मारल्यावरही घडाई पुढे चालायची.

असा पेला वाईत कसा आला याचं फार आश्चर्य वाटायला नको. महाबळेश्वर ही मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी होती, ते वाईपासून घाट चढला की येतंच. अशा पेल्यांवर बक्षिसाचं किंवा भेटीचं इंग्रजी कोरीव लेखन असेल तर ते अजिबात घासून काढू नका. गुळगुळीत पेल्यापेक्षा नाव-गाव कोरलेल्या पेल्याला जास्त विचारणा असते.

पैशाचं बोलायचं तर खालची मर्यादा सरळ आहे: वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा भाव. २३३ ग्रॅमच्या स्टर्लिंग पेल्यात २१५.५ ग्रॅम शुद्ध चांदी. ४६० ग्रॅमच्या रुपयाच्या चांदीच्या तांब्यात साधारण ४२२. सराफाने सांगितलेली मोडीची रक्कम या हिशेबाशी ताडून बघा, त्याने घट, म्हणजे वजावट, किती धरली ते लगेच कळेल. त्याच्या वरची किंमत किती, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे: नाव वाचता येतं का, दुरुस्ती किती, बफ मारून शिक्के पुसले गेलेत का आणि मुळात तुम्हाला योग्य गिऱ्हाईक भेटतं का. स्पष्टच सांगतो, साध्या नक्षी नसलेल्या तांब्याला बाजारात चांदीच्या किमतीपेक्षा फार वर कुणी देत नाही. त्याची किंमत तुमच्या घरालाच आहे. पेल्याची गोष्ट वेगळी, तो मोडीत देणं म्हणजे शुद्ध नुकसान. पिवळ्या काठाचं फुलपात्र जर्मन सिल्व्हर निघालं तर त्याला मोडीचाही भाव नाही, ते खुशाल रोज वापरा, फक्त ताक-लिंबू त्यात ठेवू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याने बंदी आहे, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांना पेला भेट पाठवायचा बेत असेल तर तो सोडा.

साफसफाई, तीही फोटो काढून झाल्यावर. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने, वर चांदीच्या सल्फाइडचा थर बसतो. तो घासून काढला की दर वेळी थोडी चांदी जाते. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर, यातलं काहीही नको. रिठे कोमट पाण्यात भिजवून त्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा, सुती कापडाने लगेच कोरडं करा. हट्टी डाग असेल तर अगदी बारीक खडूची पूड पाण्यात कालवून कापसाने हलक्या हाताने. अॅल्युमिनियमच्या कागदावर ठेवून खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालायची पद्धत हल्ली सगळे सांगतात. तिने काळेपणा जातो हे खरं, पण नक्षीच्या खोबणीतली काळी रेषाही जाते आणि उठावाचं काम एकदम सपाट, नवं वाटायला लागतं. तुमच्या साध्या फुलपात्राला चालेल. नाव टोचलेल्या तळाला नको. ठेवताना वर्तमानपत्र, लोकर, रबरबँड आणि डांबराच्या गोळ्या दूर ठेवा. धुतलेलं मलमल, वर घट्ट बंद होणारी पिशवी आणि आत ओलावा शोषणारी सिलिकाची पुडी, एवढं पुरतं.

आता बोंडलं. त्याची नळी अंगाला डाकाने जोडलेली असते आणि तोच जोड वर्षानुवर्षं निखळतो, म्हणून जुन्या बोंडल्यांवर शिशाच्या डाकाची दुरुस्ती फार वेळा आढळते. वाफ सोडून, भिंगाने नळीचं मूळ बाहेरून आणि आतून बघा. करडा, मऊ, फुगीर डाक दिसला तर त्यातून बाळाला दूध अजिबात देऊ नका. शिसं दुधात उतरतं आणि लहान मुलांना त्याचा त्रास सगळ्यात जास्त. कुणा सोनाराला ‘वरून चांदीचा डाक मारून द्या’ असंही सांगू नका. खाली शिसं असताना चांदीच्या डाकाइतका जाळ दिला तर शिसं चांदीत घुसतं आणि पत्र्याला भोकं पडतात. आधी शिसं पूर्ण काढावं लागतं आणि ते करणारा माणूस सावध हवा. डाक चांदीचाच असेल तरी नळीच्या आत ब्रश पोचत नाही आणि जुनं दूध साठलेलं दिसतही नाही. उष्टावणाच्या दिवशी पाटावर ठेवा, फोटो काढा आणि दूध साध्या वाटी-चमच्याने पाजा.

तुम्हाला जमलं तर तीन फोटो टाका: पेल्याचे शिक्के बाजूच्या उजेडात, तांब्याचा तळ तसाच आणि बोंडल्याच्या नळीचं मूळ. नळीचा आधी टाका, बाकीच्यांना घाई नाही.